व्हिक्टोरियाचा ब्रेक : पट्टा उतरवला, ड्रम बसवला

मागची नोंद चाकांवर संपली होती. सैल आरे पुन्हा ठोकले, फुटलेले पुठ्ठे (चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे) बदलले, घेरावरच्या पन्हळीत नवं भरीव रबर बसवलं, तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, वंगण भरलं. त्यामुळे गाडी आता बोट लावलं तरी चालते, आणि तीच पंचाईत झाली आहे. शिवडीच्या आमच्या गाळ्याबाहेर लगेच उतार आहे. गाडी आत ढकलायला चार माणसं पुरतात, बाहेर काढायला मात्र सहा लागतात, कारण त्यातली दोघं नुसती मागून लोंबकळत असतात. ब्रेकचं काम पुढे ढकलणं आता शक्य नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ही मुंबईची व्हिक्टोरिया. चार चाकं, पुढे उंचावर गाडीवानाची बैठक, मागे दुमडणारं छत. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि २०२१ पासून गेटवेच्या बाजूला विजेवर चालणाऱ्या तशाच गाड्या आल्या. त्या निर्णयाबद्दल मला तक्रार नाही, गिरगावच्या डांबरावर मे महिन्यात उभी केलेली घोडी मी पाहिली आहेत. आमची गाडी मुंबईत जुंपायचीच नाही. ती कर्जतच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर जाणार आहे. तिथे दोन तगडी घोडी आहेत, खासगी रस्ता आहे आणि त्या रस्त्याला भरपूर चढउतार आहेत.

ब्रेक म्हटलं की सगळे आधी विचारतात, ‘किती फुटांत थांबते?’ घोडागाडीला हा दुय्यम प्रश्न. उतारावर गाडी पुढे रेटते तेव्हा ते रेटणं कोणाच्या तरी अंगावर येतं. दोनचाकी टांग्यात ते घोड्याच्या मागच्या मांड्यांभोवती फिरणाऱ्या रुंद पट्ट्यावर येतं, घोडा त्यात जवळजवळ बसतो आणि गाडी धरून ठेवतो. जोडीच्या गाडीत मधल्या दांडीच्या टोकापासून गळपट्ट्याला बांधलेल्या वाद्या हेच काम करतात, म्हणजे भार मानेवर येतो. ब्रेक लावायचा तो हा भार घोड्यावरून काढण्यासाठी. त्यामुळे तो हलका लावून दहा मिनिटं तसाच धरता आला पाहिजे, आणि दहाही मिनिटं तो तेवढाच लागला पाहिजे. मध्येच सुटला की गाडी घोड्याच्या पायांवर जाते, मध्येच आवळला की जोत्याला हिसका बसतो. दोन्हीत घोडं बिचकतं, आणि बिचकलेल्या घोड्यापुढे कुठलाच ब्रेक चालत नाही.

जुन्या लोकांनी हे फार साधेपणाने सोडवलं होतं. अवजड गाड्यांना साखळीला बांधलेला लोखंडी जोडा असायचा. उतार सुरू होण्याआधी गाडी थांबवायची, जोडा मागच्या एका चाकाखाली सरकवायचा, चाक त्यावर चढतं, फिरायचं थांबतं आणि जोडा रस्त्यावर घासत जातो. धाव, म्हणजे चाकाच्या घेरावरची पट्टी, एकाच जागी झिजून सपाट होत नाही, झिजतो तो जोडा. १८३० मध्ये भोर घाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तसल्या लांब उतारांसाठी ही युक्ती उत्तम. पण ती एकतर पूर्ण लागते किंवा अजिबात लागत नाही, आणि काढायची तर पुन्हा थांबून गाडी थोडी मागे घ्यावी लागते. म्हणून अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड कोच या प्रवासी घोडागाड्यांना गाडीवानाच्या उजव्या पायाशी लांब दांडा असे, त्याने मागच्या धावांवर लाकडी ठोकळे दाबले जात. तिथले आमिश लोक आजही बग्गी वापरतात आणि त्यांच्या बग्ग्यांना हायड्रॉलिक ड्रम असतात. मॅरेथॉन ड्रायव्हिंग या घोडागाड्यांच्या स्पर्धेतल्या गाड्यांना तर डिस्क. म्हणजे घोडागाडीला मोटारीचा ब्रेक लावणं हा काही अधर्म नाही, हे शुद्धतावादी मंडळींना आधीच सांगून ठेवतो.

आता आकडे. दारुखान्यातल्या काट्यावर रिकामी गाडी ३८० किलो भरली. पाच माणसं धरून ७०० किलो धरू. वीसात एक, म्हणजे वीस मीटरला एक मीटर उतरणाऱ्या, उतारावर ती ३५ किलोच्या जोराने खाली ओढते. रबराचं डांबरावर लोळणं त्यातले दहाएक किलो आपोआप खातं, उरले २५. एवढे मागच्या दोन चाकांच्या घेरावर धरले की घोड्याच्या मानेवर काही येत नाही. त्याच उतारावर ताशी १२ किलोमीटरच्या दुडक्या चालीतून सहा मीटरमध्ये थांबायचं तर साधारण ९० किलो लागतात. हिशेब या दोन आकड्यांत आहे: रोजचे २५ आणि अडीअडचणीचे ९०.

धावेवर ठोकळा दाबणं सर्वात सोपं, जुन्या वळणाला धरूनही. पण आमच्या चाकांना रबर आहे. ठोकळ्याने भरीव रबर नुसतं झिजत नाही, पन्हळीतून ओढलं जातं, आणि ते बसवायला किती घाम गाळला हे मागच्या नोंदीत लिहिलंच आहे. त्यामुळे ठोकळा बाद.

मग तुंब्याला ड्रम आणि त्याभोवती बाहेरून आवळणारा पट्टा. हा पर्याय मला मनापासून आवडत होता, कारण दिसायला तो त्या काळातलाच वाटतो. २६ सेंटिमीटरचा ड्रम वळवून घेतला, नागदेवी स्ट्रीटवरून विणलेला लायनर (घर्षणासाठीचं अस्तर) आणला, पोलादी पट्टीला रिव्हेट मारले. मागचं चाक १०४ सेंटिमीटरचं आहे, म्हणजे घेरावर जेवढा जोर हवा त्याच्या चौपट ड्रमवर हवा. पट्ट्याची गंमत अशी की ड्रम फिरताना पट्ट्याला आपल्याबरोबर ओढतो आणि पट्टा स्वतःच स्वतःला आवळतो. पाऊण वेढा आणि घर्षणाचा गुणांक ०.३५ धरला तर पट्ट्याच्या दोन टोकांच्या ताणात सव्वापाच पटीचा फरक पडतो. सैल टोक एक किलोने ओढलं की ड्रमवर सव्वाचार किलोचा ब्रेक लागतो. पेडलची दांडी पाचास एक ठेवली तर २५ किलोच्या रोजच्या कामाला पायाचे पाच-सहा किलो पुरतात, ९० किलोला सतरा-अठरा. गाडी जॅकवर घेऊन घेराला ताणकाटा बांधून पाहिलं, आकडे जवळपास तसेच आले. मिस्त्री खूश, मीही खूश.

मग चाक उलटं फिरवलं.

उलट दिशेत ड्रम पट्ट्याला सोडवतो. तेच टोक तेवढ्याच जोराने ओढलं तर सव्वाचार पट सोडा, ०.८ पटच ब्रेक लागतो. पेडलवर ३० किलो देऊन, म्हणजे जवळजवळ उभं राहून, घेरावर मिळाले ३० किलो. वीसात एक चढावर घोडं थकून थांबलं तर गाडी जेमतेम राहील. बारात एक चढ असेल तर मागे जाईल, आणि मागे जाणारी घोडागाडी पुढे जाणाऱ्यापेक्षा वाईट, कारण पुढची चाकं वळतात, दांडी आडवी होते आणि गाडी कलंडते. पूर्वी चढासाठी चाकामागे साखळीने एक लाकडी लाट, म्हणजे गोल ओंडका, लोंबकळत ठेवायचे, ती याच भीतीने.

तेवढंही चाललं असतं, लाट लावता येते. खरा निकाल पाण्याने दिला. नळी लावून ड्रम भिजवला आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. ओल्या लायनरचा गुणांक ०.१५ धरा. घर्षण निम्म्याहून थोडं कमी झालं, पण पट्टा घर्षणावर घर्षण चढवत जातो, त्यामुळे ब्रेक सव्वाचार पटीवरून एक पटीवर आला. म्हणजे चौथाई. ठोकळा भिजला असता तर घर्षण जेवढं घटलं तेवढाच तो घटला असता. पट्टा कोरडा असताना जी मदत करतो तीच ओला झाल्यावर परत घेतो. आणि ड्रमवर ओलसर डाग राहिला तर एकाच फेऱ्यात धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. कर्जतला जून ते सप्टेंबर कसा पाऊस असतो ते तुम्हाला माहीत आहे. जोरदार ब्रेक बनवणं फार अवघड नाही. सुका असो वा ओला, पुढे असो वा मागे, सारखाच लागणारा ब्रेक बनवणं अवघड. पट्टा सुंदर होता, पण उतरवला.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून तीनचाकी टेम्पोचे दोन ड्रम आणले, आतून फाकणाऱ्या शूंचे, कॅमवर चालणारे. यात लायनर लावलेले दोन वाकडे ठोकळे, म्हणजे शू, असतात आणि कॅम फिरला की ते फाकून ड्रमला आतून घासतात. फिरणाऱ्या ड्रममुळे एक आत खेचला जातो आणि जास्त धरतो, दुसरा ढकलला जातो आणि कमी धरतो. दिशा बदलली की दोघांची कामं बदलतात, बेरीज तीच राहते. वरून झाकण असल्याने पाणीही सहज शिरत नाही. तापण्याची काळजी एका वाचकाने मागे व्यक्त केली होती. पन्नास मीटर उंचीचा उतार ब्रेकवर उतरलो तर ७०० किलोंची साडेतीनशे किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. पाऊण भाग ड्रममध्ये गेला तरी दोन्ही मिळून दहा किलो बिडाचं तापमान पन्नास-पंचावन्न अंशांनी वाढेल, तेही वारा लागलाच नाही असं धरून. लाकडी ठोकळा असता तर वास आला असता, ड्रमला काही होत नाही.

ड्रम लाकडी तुंब्याला कसा धरायचा हा सुतारकामाचा भाग. तुंब्याला भोकं पाडायला आमच्या सुतारकाकांनी साफ नकार दिला. आऱ्यांची कुसं (तुंब्यात रुतलेली टोकं) आत कुठवर गेली आहेत ते बाहेरून दिसत नाही, आणि एक जरी कूस कापली गेली तरी चाक गेलं. त्यांचंच म्हणणं मानून आऱ्यांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी गोल लोखंडी कडी बसवली आणि बोल्ट आऱ्यांच्या मधल्या फटीतून आरपार नेले. ड्रम आतल्या कड्यावर आहे. ब्रेकचा पीळ यामुळे आऱ्यांतून घेरापर्यंत जातो. ठोकळ्याच्या ब्रेकमध्ये आऱ्यांवर तो येत नसे. हिशेब केला: प्रत्येक चाकाला साडेतेवीस किलोग्रॅम-मीटर पीळ, १४ आरे, म्हणजे आऱ्याला पावणेदोनसुद्धा नाही. साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या बाभळीला ते किरकोळ आहे.

पण तोच पीळ दुसऱ्या बाजूने कण्यावर, म्हणजे चाकांच्या आसावर, येतो, दोन्ही चाकांचा मिळून ४७ किलोग्रॅम-मीटर. कणा गाडीला कमानींनी, म्हणजे स्प्रिंगांनी, जोडलेला, आणि लंबगोल कमान वरचा भार छान झेलते पण पिळाला पटकन वाकते. ब्रेक मारला की अख्खा कणा पुढे वळायचा आणि ब्रेकचा दांडा आपोआप ढिला पडायचा. म्हणून कण्यापासून गाडीच्या तळापर्यंत दोन तिरपे धरदांडे दिले, टोकाला रबरी बुश.

आता माझा सर्वात आवडता भाग. पेडल गाडीवानाच्या पायाशी, म्हणजे कमानींच्या वर. ड्रम कण्यावर, म्हणजे कमानींच्या खाली. पाच माणसं चढली की तळ चार सेंटिमीटर खाली येतो. ब्रेकचा दांडा तीस अंशांत तिरपा असेल तर या बसण्याने त्याच्या लांबीत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. प्रवासी बसले की ब्रेक लागला, उतरले की सुटला! तोच १२० सेंटिमीटरचा दांडा आडवा, समतल ठेवला तर फरक पाऊण मिलिमीटरच्या आत. आणि गाडी अर्धी भरलेली असताना समतल होईल असा लावला तर वरखाली दोन-दोन सेंटिमीटरच उरतात, फरक ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी. केबल वापरली असती तर हा प्रश्नच नव्हता, असं मिस्त्रींचं मत. बरोबर आहे, पण केबलमध्ये गंज धरतो आणि पायाला कळत नाही. दांड्यातून ड्रम काय करतोय ते तळव्याला कळतं. त्यासाठी पेडलखाली एक मधली कोपरदांडी टाकून दांडा खाली उतरवला आणि मग आडवा नेला.

दोन चाकांना ब्रेक सारखा वाटायला मध्ये एक आडवा दांडा, मधोमध खुंटीवर झुलणारा. जोडीतल्या दोन घोड्यांचा ओढा समान करायला दांडीच्या मुळाशी जो आडवा दांडा असतो, तोच हा, फक्त उलट्या कामाला. एका बाजूचा लायनर जास्त झिजला तरी दांडा थोडा तिरका होतो आणि जोर सारखा राहतो. तिरकेपणा डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे कुठल्या बाजूचं समायोजन करायचं तेही कळतं.

चाचणी गाळ्याबाहेरच्या उतारावर झाली. तो मोबाइलवर मोजला तर चौदात एक भरला. गाडीत वाळूची पोती टाकली आणि घोड्यांच्या जागी आम्हीच दोरी धरली. पेडलवर दहा-बारा किलोत गाडी माणसाच्या चालीने खाली आली, दोरी सैल ठेवून. मध्ये थांबवली, थांबली. मग तोंड फिरवून मागे सोडली, तेवढ्याच पायाने थांबली. नळी लावून ओली केली, पहिल्या दोन फेऱ्यांत किंचित कमी धरलं, मग पूर्ववत. सुरुवातीला डावं चाक आधी धरत होतं, ते त्या बाजूच्या शूला मधोमध कडा होती म्हणून. कानशीने कडा उतरवली.

राहिलेलं काम म्हणजे गाडी उभी करताना पेडल अडकवून ठेवायची दातेरी पट्टी. ती पायाच्या टाचेने सुटली पाहिजे, हाताने नाही, कारण हातात लगाम असतात. शिवाय जोडीच्या गळपट्ट्याच्या वाद्यांची लांबी घोड्यांवरच ठरेल, ती कर्जतला. एक विनंती: तुमच्यापैकी कोणाकडे बैठकीखालचं मूळ पेडल शाबूत असलेली मुंबईची व्हिक्टोरिया असेल, तर पेडलची रुंदी आणि फळीशी असलेला कोन कळवा. आमच्या गाडीत त्या जागी दोन भोकं आणि एक गंजलेला बोल्ट एवढंच शिल्लक होतं, आताचं पेडल अंदाजाने बनवलेलं आहे आणि ते बैठकीच्या मानाने थोडं पुढे पडतं.