वर्तणूक उत्तम, अडचण नाही

लेकीच्या सततच्या काळजीच्या त्रासाच्या तपासणीसाठी शाळेकडून एक कागद यायला 37 दिवस लागले, मुख्य म्हणजे त्या रागातून हे लिहायला बसलोय. बाकीचं आठवेल तसं येईल, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

लेक तेव्हा 10 वर्षांची होती. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागायचं आणि सोमवारी शाळेच्या दारापर्यंत दुखत राहायचं. रात्री दिवा बंद केला की प्रश्न सुरू. बाबा, उद्या तू नक्की घ्यायला येशील ना? आणि गाडी पंक्चर झाली तर? आणि फोन लागला नाही तर? आणि आजी आजारी पडली तर तुला तिकडे जावं लागेल का? मी एकेकाचं उत्तर देत बसायचो, ती ऐकून घ्यायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. गृहपाठाच्या वहीत एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एकदा वही उघडली तर कागदाला आरपार भोक पडलेलं, आणि त्या भोकाच्या कडेकडेनं अक्षर एकदम सुबक. मी तेव्हा काय केलं माहितीये? शाबासकी दिली. म्हटलं, वा, किती मनापासून करते.

मुलांच्या डॉक्टरांकडचं सगळं सुरळीत झालं. सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड, सगळं नॉर्मल. त्यांनीच सांगितलं की पोटात काही नाहीये, पण पोट खरंच दुखतंय, ती नाटक करत नाहीये, एकदा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. घरातल्या मोठ्यांचं ठरलेलं वाक्य आलंच, एवढ्याशा पोरीला कसलं आलंय टेन्शन. ते सोडा.

तर त्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर तीन फॉर्म हातात ठेवले. एक मुलीनं भरायचा, एक आईबापानं आणि एक वर्गशिक्षिकेनं. तिन्ही आले की फाइल डॉक्टरांकडे जाणार. पहिल्या दोन फॉर्ममध्ये 41 प्रश्न असतात, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2. बेरीज 25 किंवा जास्त आली तर अँक्झायटीचा, म्हणजे अति काळजी-भीतीचा त्रास असू शकतो असं धरतात आणि पुढे तपासतात, नुसत्या बेरजेवर निदान होत नाही. मी शहाणपणा करून मुलीचाही फॉर्म स्वतःच भरला, म्हटलं तिला कशाला त्रास. ते बायकोनं पकडलं, नवीन कोरा आणला आणि लेकीला एकटीला खोलीत बसवून भरायला दिला. माझ्या फॉर्मची बेरीज 17. तिची 39. म्हणून सांगतो, मुलांचा फॉर्म मुलांनाच भरू द्या आणि शेजारी बसून त्यात डोकावू नका.

आता शाळा.

वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, म्हणाल्या देते भरून, फक्त ऑफिसमधून येऊ दे. ऑफिसात गेलो तर क्लार्क म्हणाले बाहेरचा फॉर्म असा डायरेक्ट बाईंकडे जात नाही, अर्ज करा. केला. वैद्यकीय कारणासाठी फॉर्म भरून मिळावा, एवढंच लिहिलं. चार दिवसांनी अर्ज परत, कारण स्पष्ट लिहा. मी म्हटलं वैद्यकीय हे कारण नाही का? तर म्हणे वैद्यकीय म्हणजे काहीही असू शकतं. शेवटी दात-ओठ खात लिहिलं, मानसोपचारतज्ज्ञांनी मागितला आहे. त्या गृहस्थांनी खिडकीतच तो अर्ज मोठ्यानं वाचला. माझ्या मागे तीन पालक उभे, त्यातल्या एकीची मुलगी आमच्याच वर्गात. "मानसोपचार? मुलगी तर चांगली दिसते की तुमची." मला कान गरम झाल्याचं अजून आठवतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, बहुतेक काहीच दिलं नाही, आवक क्रमांक घेतला आणि बाहेर आलो.

मग मुख्याध्यापक बाहेरगावी. मग चाचणी परीक्षा. मग "वर गेलाय". वर म्हणजे कुठे ते कोणालाच माहीत नाही. मी एक दिवसाआड ऑफिसच्या आधी चक्कर टाकायचो, कारण फोनवर फक्त "बघतो" मिळायचं. 26 व्या दिवशी बाई गेटवर भेटल्या, मी जरा चिडूनच विचारलं फॉर्म झाला का, त्या गोंधळल्या, म्हणाल्या मला तर अजून मिळालाच नाही. मिळालाच नाही! म्हणजे 26 दिवस तो कागद कुठल्यातरी टेबलावर पेपरवेटखाली हवा खात पडला होता. त्या बाईंनी स्वतः जाऊन शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी भरला. तरी पुढचे 10 दिवस गेले, कारण सही झाली पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर.

या सगळ्यात घरी काय चाललं होतं ते अर्जात लिहायची सोय नव्हती. लेक रात्री बारा-साडेबारापर्यंत जागी. सकाळी डोळे सुजलेले. आणि मी, ज्यानं शांत राहायला हवं, तो चमचा खाली पडला तरी खेकसत होतो.

37 व्या दिवशी बंद पाकीट मिळालं, वर शिक्का. क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या समोरच उघडलं. सगळ्या चौकटींत "नाही". वर्गात गोंधळ घालते का, नाही. मारामारी करते का, नाही. जागा सोडून फिरते का, नाही. आणि खाली शेरा: अत्यंत हुशार, शांत, आज्ञाधारक विद्यार्थिनी. वर्तणूक उत्तम. अडचण नाही.

मला वाटलं झालं, आता हे म्हणणार काही नाहीये, घरी जा. डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, बाईंनी खोटं काहीच लिहिलेलं नाही, ज्या मुलांचा वर्गाला त्रास होतो ती दिसतात, जी स्वतःलाच त्रास देतात ती पहिल्या बाकावर गप्प बसलेली असतात. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, पण तुम्ही याच्यासाठी एवढे थांबलात का? हा असला तर बरा, नसता तरी मी बघितलंच असतं. तुमच्याशी आणि तिच्याशी बोलूनच निदान होतं.

मी रिसेप्शनच्या दिशेनं बघितलं. काही बोललो नाही. लेक शेजारी होती.

तर पहिला सल्ला, जो खरं तर सुरुवातीलाच द्यायला हवा होता: कुठले कागद खरोखर लागतात ते डॉक्टरांकडून विचारून घ्या, काउंटरवरून नाही. आणि मूल जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर फॉर्म-बिर्म काही बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निदान जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, जीएडी. काळजी सगळेच करतात, पण इथे ती कुठल्या एका गोष्टीची नसते, शाळा, तब्येत, पैसे, उशीर, सगळीकडे फिरत राहते. किमान 6 महिने, बहुतेक दिवस, आणि आवरता न येणारी. सोबत सहा गोष्टी बघतात: अस्वस्थपणा, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोपेची तक्रार. मोठ्यांमध्ये सहापैकी तीन लागतात, मुलांमध्ये एक पुरते, आणि त्यानं रोजचं जगणं अडायला लागलेलं असावं लागतं. 1994 च्या आधी मुलांच्या या त्रासाला वेगळं नाव होतं, मग मोठ्यांच्याच निदानात घेतलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ही यादी ऐकताना मी मान चोळत होतो. दहा-बारा वर्षं माझी मान आखडलेली आहे, दोन फिजिओथेरपिस्ट झाले, तीन उशा झाल्या. डॉक्टरांचं लक्ष होतं. म्हणाल्या, वडिलांनी पण एक छोटा फॉर्म भरायला हरकत नाही. 7 प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, 21 पैकी. 10 किंवा जास्त आले की नीट तपासून घ्या म्हणतात. माझे 14. मी म्हटलं या महिन्यात शाळेमुळे झालं असेल. बायको हसली, म्हणाली लग्नापासून असंच आहे.

दोघांचे डॉक्टर वेगळे, मोठ्यांसाठी मी दुसरीकडे गेलो. मला थेरपी आणि गोळी दोन्ही. गोळीबद्दल एवढंच, पहिले दहा दिवस मळमळलं आणि फरक जाणवायला पाच आठवडे गेले, तिसऱ्या आठवड्यात मी "काही उपयोग नाही" म्हणून सोडणार होतो. मनानं सोडू नका, बंद करायची तरी ती हळूहळू, डॉक्टरांना विचारून. चहा-कॉफी निम्म्यावर आणली, त्याचाही उपयोग झाला.

लेकीला आधी फक्त थेरपी, सीबीटी, म्हणजे विचार करायची आणि वागायची सवय हळूहळू बदलायला शिकवणारी. गोळीची भीती होती म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी 2008 सालच्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे सांगितले, 488 मुलं, 7 ते 17 वयाची. थेरपी आणि गोळी दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे 81 टक्के मुलांना चांगला फरक, नुसत्या थेरपीनं 60, नुसत्या गोळीनं 55, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीनं 24. म्हणजे थेरपीनं सुरुवात करू, कमी पडलं तर गोळीचा विचार, आणि गोळी सुरू केलीच तर पहिल्या काही आठवड्यांत मूड, झोप, बोलणं यावर बारीक लक्ष ठेवायचं. आमच्याकडे ती वेळ आली नाही.

थेरपीतलं सगळ्यात अवघड काम मला होतं. तिच्या प्रश्नाला एकदाच उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर "तुला काय वाटतं?" एवढंच. मी इतकी वर्षं प्रेमानं जी उत्तरं देत होतो त्यांनीच तिची काळजी पोसली जात होती, हे ऐकून त्या रात्री जेवण गेलं नाही. पहिल्या आठवड्यात ती रडली, दारामागे मी रडलो. मग "काळजीची वेळ" ठरवली, संध्याकाळी 15 मिनिटं, दिवसभरातल्या सगळ्या काळज्या चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायच्या आणि तेव्हाच उघडायच्या. बऱ्याच चिठ्ठ्या उघडेपर्यंत शिळ्या झालेल्या असायच्या, ते तिचं तिलाच कळायला लागलं. आणि पायऱ्या होत्या, सोप्यापासून अवघड. एक पायरी अशी की गृहपाठात मुद्दाम एक चूक करायची आणि न खोडता वही द्यायची. त्या दिवशी ती हात थरथरत दप्तर भरत होती, मी खोडरबर खिशात घालून ऑफिसला गेलो.

14 सेशन झाली. पोट अजून कधीकधी दुखतं, परीक्षेच्या आधी तर नक्कीच. माझी मान बरी आहे, 80 टक्के म्हणू.

गेल्या आठवड्यात वही सहीसाठी आली. त्याच बाईंचा लाल शाईत शेरा: अक्षर थोडे घसरले आहे, खाडाखोड तशीच ठेवते, पालकांनी लक्ष द्यावे. बायकोनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या कागदावर इतकी झोकात सही केली. या शेऱ्यासाठी अर्ज, आवक क्रमांक, शिक्का, काही लागलं नाही.