उन्हातला पूल आणि क्लोरीन

आज संभाजीनगरात ऊन नुसतं भाजून काढत होतं. अशा दिवशी अंगणातल्या पूलमध्ये सकाळी ओतलेलं क्लोरीन दुपारपर्यंत टिकत नाही. अतिनील किरण ते फोडतात. पाण्यात सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन, नसेल तर निम्मं क्लोरीन तासाभरातच जातं. हे ॲसिड ३० ते ५० पीपीएम (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) ठेवा. फार वाढलं की मात्र क्लोरीन असूनही शेवाळ धरतं, आणि पाणी बदलण्यावाचून इलाज उरत नाही. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी बदलायचं म्हणजे टँकरच! म्हणून रोज ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्याच एका प्रकारच्या) गोळ्या नकोत, त्यातून हे ॲसिड साठत जातं.

मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, ३ पीपीएमच्या आसपास हवं. ५० हजार लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन अर्धा लिटर लागतं. दिवस मावळल्यावर, पंप चालू ठेवून, इनलेटपाशी, म्हणजे पंपाचं पाणी पूलमध्ये येतं तिथे, बारीक धारेनं सोडा. रात्री मोजा, उजाडायच्या आत परत मोजा. १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं असेल तर दोष उन्हाचा नाही. शेवाळ किंवा घाण ते खातेय. कॅन सावलीतच ठेवा, तापलेल्या कॅनमधला माल कमजोर होतो. आणि कुठल्याही ॲसिडच्या बादलीत क्लोरीन चुकूनही ओतू नका, विषारी वायू होतो.