नाट्यगृहाच्या पाट्या करताना

सत्तरच्या दशकातलं, उघड्या काँक्रीटचं नाट्यगृह. अहमदाबादचा टागोर हॉल (डिझाइन वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचं, स्ट्रक्चर इंजिनिअर महेंद्र राज यांचं) पाहिलेल्यांना अंदाज येईल. हे त्याच गोत्रातलं, फक्त गरीब घरचं. नूतनीकरण संपत आलं तेव्हा पाट्यांचं काम माझ्याकडे आलं.

मुळात या इमारतीला पाट्या फारशा लागतच नव्हत्या. आत शिरलं की समोर उजेडात रुंद जिना दिसायचा, माणसं आपसूक चढायची. आता मध्ये काचेचं पार्टिशन आलंय, लिफ्ट कोपऱ्यात गेलीय, आणि मध्यंतरात निम्मं पब्लिक स्वच्छतागृह शोधत ग्रीनरूमच्या दाराशी.

आधी कागदी प्रिंट मास्किंग टेपने चिकटवले आणि प्रयोगाच्या दिवशी फॉयरमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, उभी राहिले. गंमत बाणाची. 'सरळ पुढे' म्हणायला वर तोंड केलेला बाण, ही आमच्या धंद्यातली सर्वमान्य रीत. पण पाटी जिन्याशेजारी. तळमजल्याची तिकिटं हातात घेतलेले आजी-आजोबा बाण बघून थेट बाल्कनीकडे निघाले! तिथला बाण काढूनच टाकला. दारांवर ठळक अक्षरांत खुर्च्यांचे क्रमांक, आणि 'बाल्कनी'साठी जिन्याच्या चढाइतकाच तिरपा बाण. मग कुणी थबकेना.

अक्षरांच्या उंचीचा ठोकताळा साडेसात मीटरला 25 मिमी असा सांगतात, पण तो रोमन कॅपिटलचा. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार. त्यांना जागा दिली की मूळ अक्षर बारीक होतं. त्यात फॉयरचा मंद उजेड. बारा मीटरवरून वाचायच्या पाटीला हिशेबाने 40 मिमी पुरायला हवे होते, आम्ही 60 घेतले. फिनिश मॅट, नाहीतर दिव्याची तिरीप नेमकी अक्षरावर येते.

काँक्रीटला ड्रिल लावायचं नाही, ही स्ट्रक्चरल कन्सल्टंटची अट. फॅब्रिकेटर वैतागला. मग भिंतीत शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्या धरून ठेवणाऱ्या टाय-बोल्टची जुनी भोकं होती, त्यांतच पाट्यांचे ब्रॅकेट बसवले. भोकांची ओळ सरळ असल्याने पाट्याही आपोआप एका रेषेत आल्या. 'बाहेर'च्या पाटीवरचा हिरवा धावता माणूस मात्र जसाच्या तसा ठेवला. तिथे डिझायनरने हुशारी करू नये.

समितीतल्या एका गृहस्थांना 'व्हीआयपी कक्ष' सगळ्यात मोठ्या अक्षरांत हवा होता. व्हीआयपींना कुणीतरी नेऊन बसवतंच, त्यांना पाटी कशाला, असं विचारल्यावर ते हसले. पाटी लावायला लावलीच. अक्षरं स्वच्छतागृहाच्या पाटीएवढीच.