एकच गाडी, तीन गावं

जर्मनीत राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी 'डॉइचलांड-टिकेट' काढलं. मे 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं होतं, मी 2025 मध्ये घेतलं तेव्हा 58 युरो झाले होते. देशभरातल्या बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वेगाड्या महिनाभर खुल्या. आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र ते चालत नाही. खरं तर हे तिकीट म्हणजे वर्गणीच. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवायचं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून जातात. मी फोनवर 8 तारखेचा गजर लावून टाकला.

मग गाड्यांची नावं समजून घेतली. प्रादेशिक गाड्या दोन प्रकारच्या: आरबी जवळपास प्रत्येक स्टेशनावर थांबते, आरई लहान स्टेशनं सोडत जाते. प्रत्येक भागात गाडीचा रंग वेगळा का, हे कोडं मला बरेच दिवस होतं. 1996 पासून प्रादेशिक गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे आहे आणि बऱ्याच मार्गांवर निविदा काढून कंपनी निवडली जाते, त्यामुळे चालवणारे अनेक. प्रवाशाला मात्र सगळीकडे एकच तिकीट पुरतं. ही सोय मला फार मोलाची वाटते.

खरी परीक्षा टेगर्नझे या तळ्याकाठच्या गावाला जाताना झाली. म्युनिकच्या मुख्य स्टेशनात 27 ते 36 क्रमांकाचे फलाट एका बाजूला आहेत, तिथवर चांगलीच पायपीट होते. धावतपळत पोचले, दाराचं बटण दाबलं आणि समोर दिसली त्या जागेवर बसले. शेजारच्या आजींनी कुठे चाललीस म्हणून विचारलं. टेगर्नझे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि दारावरच्या पाटीकडे बोट केलं. तिथे लिहिलं होतं, बायरिशत्सेल.

म्युनिकहून निघणारी ही गाडी म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन गाड्या असतात. वाटेत होल्त्सकिर्खेन स्टेशनात बायरिशत्सेलची गाडी सुटी होते. उरलेल्या दोघी शाफ्टलाखपर्यंत सोबत जातात, तिथून एक लेंगरीसला आणि दुसरी टेगर्नझेला. डोंगराकडच्या या फाट्यांवर विजेच्या तारा नाहीत, म्हणून सगळ्या डिझेलवर चालतात. आणि एकीतून दुसरीत आतून जायला वाट नाही! फलाटावर उतरूनच बदलावं लागतं.

आजींनी मला दाराजवळच उभं राहायला सांगितलं. होल्त्सकिर्खेनला उतरले आणि फलाटावरून पळत सुटले. पहिली पाटी लेंगरीसची. पुढची टेगर्नझेची. बटणाभोवतीचा हिरवा दिवा अजून पेटलेला होता. दाबलं, दार उघडलं. आत शिरल्यावर कितीतरी वेळ माझा श्वास ठिकाणावर नव्हता.

शाफ्टलाखला हलकासा हिसका बसला आणि लेंगरीसची गाडी आमच्यापासून वेगळी झाली. पुढचा एकेरी मार्ग जेमतेम 12 किलोमीटरचा. 1883 मध्ये तो ग्मुंडपर्यंत आला, टेगर्नझेपर्यंत पोचायला 1902 उजाडलं. ग्मुंडला तळं दिसायला लागलं तसे डब्यातले सगळे खिडकीकडे वळले, रोज येणारी माणसंसुद्धा.

तेव्हापासून मी गाडीचा क्रमांक नंतर बघते, आधी डब्यावरची पाटी वाचते. फलाटावर जागोजागी अक्षरांच्या खुणा असतात, गाडीचा कुठला भाग कुठल्या अक्षरापाशी उभा राहणार तेही बोर्डावर दिलेलं असतं. ते बघून त्या अक्षराखालीच थांबते.

संध्याकाळी परतताना शाफ्टलाखला आमची गाडी थांबून राहिली. लेंगरीसची गाडी अगदी मुंगीच्या पावलांनी जवळ आली, टेकली, खटकन आवाज झाला. मी उतरून दोन्हींच्या पाट्या वाचल्या. दोन्हीकडे म्युनिकच होतं.