उबोनच्या खेड्यातला वर्षावास

बँकॉकहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी ईशान्य थायलंडच्या टोकाला, उबोन रात्चथानीला उतरता येतं. तिथून पिकअपनं खेड्यात. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली, बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या, आणि आषाढी पौर्णिमा तोंडावर आलेली. आमच्या नागपुरातही याच पौर्णिमेपासून विहारांत वर्षावासाचं, म्हणजे भिक्खूंनी एका जागी राहण्याच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू होतं, म्हणून मी मुद्दाम हेच दिवस धरले होते.

ज्यांच्या घरी उतरले त्या आजींना सगळेच ‘याय’ म्हणतात, मीही म्हणू लागले. बोलणं त्यांच्या इंग्रजी येणाऱ्या भाचीमार्फत.

याय अंधारातच उठतात. रात्रभर भिजवलेला चिकट भात बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून पातेल्याच्या तोंडावर वाफवतात. शिजला की लाकडी परातीत उलटून पसरतात, वाफ जाऊ देतात आणि झाकणाच्या विणलेल्या डबीत भरतात. या डबीतला पहिला घास घरातल्या कुणाचा नाही. चपला काढून आम्ही रस्त्याकडेला चटईवर गुडघे टेकले. अनवाणी भिक्खू एका रांगेत आले, नजर खाली, तोंडातून शब्द नाही. प्रत्येकाच्या पात्रात चिमूटभर भात घालायचा आणि हात जोडायचे. कालवणं मागाहून विहारात न्यायची.

भिक्खूंनी स्वतः रांधायचं नाही, अन्न साठवायचं नाही, दुपारनंतर जेवायचं नाही. त्यामुळे रोज सकाळी त्यांना गावाच्या दारी यावंच लागतं. मला वाटतं, गाव आणि विहार एकमेकांना धरून आहेत ते या नियमामुळे. नुसत्या प्रवचनांनी हे साधलं नसतं.

विहारात आधी त्रिसरण-पंचशील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणं आणि पाच शीलं घेणं, झालं. थाई उच्चारात ते ‘फुत्थं सरणं खच्छामि’ असं ऐकू येतं, पण चाल धरून मी मोठ्यानं म्हणू लागले तशा यायनी वळून पाहिलं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी 14 ऑक्टोबर 1956 चं सांगितलं, बाबासाहेबांचं, दीक्षाभूमीचं, आणि माझे आजोबा त्या गर्दीत होते तेही. यायनी ते शेजारच्या बायकांना सांगितलं, त्यांनी पलीकडच्यांना. भिक्खूंचं उरकल्यावर उरलेलं अन्न सगळे एकत्र बसून खातात, त्या पंगतीत माझ्यापुढे वाट्या सरकत राहिल्या. कच्च्या पपईचं सोमतम इतकं तिखट की वऱ्हाडी ठेच्यानंही हात टेकावेत.

जेवणाआधी भिक्खू ‘यथा वारिवहा पूरा’ ही पाली गाथा म्हणत असताना बायका लहानशा भांड्यातून वाटीत पाण्याची धार सोडतात. दानाचं पुण्य गेलेल्या माणसांना पोचावं म्हणून. यायनी नवऱ्याच्या नावानं सोडलं आणि ते पाणी अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. बाईनं दिलेली वस्तू भिक्खू हातात घेत नाही, पुढ्यात कापड पसरतो, त्यावर ठेवायची. हा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा, भाग आहे हे मला कळतं. पण स्त्रियांना प्रव्रज्या, म्हणजे संघाची दीक्षा, देऊ नये हा 1928 चा आदेश तिथल्या संघात अजून लागू आहे. पांढऱ्या वस्त्रांतल्या, अष्टशील पाळणाऱ्या माएछी विहारात राबताना दिसतात, भिक्खुणीचा मान त्यांना नाही. ज्या गावातल्या बायकांच्या भातावर संघ जगतो, तिथं हे बदलायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

पौर्णिमेच्या रात्री हातात कमळ, तीन उदबत्त्या आणि मेणबत्ती घेऊन उपोसथगृहाला, म्हणजे विहारातल्या मुख्य विधींच्या वास्तूला, तीन प्रदक्षिणा झाल्या. दुसऱ्या दिवशी वर्षावास लागला. पेरलेली शेतं तुडवली जाऊ नयेत म्हणून भिक्खूंनी पावसाळ्यात फिरणं थांबवावं, असा याचा उगम. समोर कोवळी रोपं असल्यावर तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही. लोक भिक्खूंना वर्षाचीवर, म्हणजे पावसाळ्यातलं वस्त्र, देतात, मेणबत्त्या देतात, हल्ली वाचनासाठी विजेचे दिवेही. कित्येक पुरुष या तीन महिन्यांपुरती दारू सोडतात.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की महिनाभर कठिनचीवरदान, म्हणजे भिक्खूंना चीवर देण्याचा सोहळा, चालतं, आणि बँकॉकला कामाला गेलेली मुलंही त्यासाठी गावी परततात. याय म्हणाल्या, तेव्हा ये, भात कापणीला आलेला असेल, तुला विळा देते. मी हो म्हटलंय.