वर सांडणे

परवा दुपारी घरूनच काम चालू होतं, कॉलवर मॅनेजर म्हणाला, "या तीन स्टोरीज स्पिल ओव्हर होणार बहुतेक," (स्टोरीज म्हणजे आमची वाटून घेतलेली कामं, वेळेत संपली नाहीत की पुढे ढकलली जातात) आणि मला एकदम करपल्याचा वास आला. गॅसवर दूध होतं. कॅमेरा चालू ठेवूनच पळालो.

आठवीत फ्रेझल व्हर्ब्जची यादी पाठ करायला होती. स्पिल म्हणजे सांडणे, ओव्हर म्हणजे वर, म्हणून मी सरळ लिहिलं 'वर सांडणे'. बाई हसल्या, वर्ग हसला, वर कसं काय सांडेल म्हणे. आता ओटा पुसताना वाटलं एवढं काही चुकलं नव्हतं माझं, दूध आधी वरच जातं की! वर साय धरते, खालची वाफ अडते, ती सायीला उचलत आणते आणि मग जे व्हायचं ते होतं. पाण्याचं असं होत नाही, त्याला साय कुठाय.

आपल्याकडे मात्र याला सांडणं म्हणतच नाहीत. सांडलं म्हटलं की लगेच 'कोणी सांडलं?' दूध उतू जातं, आपलं आपण. (शिव्या गॅसजवळ उभं असणाऱ्यालाच पडतात तो भाग वेगळा.) धरणाच्या स्पिलवेला सांडवा म्हणतात तो शब्द मला फार आवडतो, पण खडकवासल्याचं पाणी 'सोडतात', म्हणजे सोडणारा कोणीतरी आहे, आणि लोणावळ्याचं भुशी धरण आपोआप ओसंडतं म्हणून तर तिथल्या पायऱ्यांवर बसून लोक भिजतात. आमच्या स्टोरीज यातल्या कशात बसतात देव जाणे. स्पिल ओव्हर म्हटलं की कोणी सांडल्या ते विचारायचं नसतं एवढं नक्की, आणि तीनांतल्या दोन माझ्याच होत्या.

आजी एरवी दुधासमोरून हलायची नाही, भांड्यावर पळी आडवी ठेवून उभी. फक्त रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर छोट्या बोळक्यात दूध ठेवायची आणि ते उतू जायचीच वाट बघायची, आम्ही पोरं उकिडवी बसून, कुठल्या दिशेला जातंय ते बघायला. गेलं की हात जोडायची. तीच आजी श्रावणात कहाणी वाचताना उतू नकोस मातू नकोस म्हणायची, आणि मला तेव्हा वाटायचं हे दुधालाच सांगतायत.

पुसता पुसता उगाच बघितलं कुठल्या दिशेला गेलंय ते. बर्नरच्या चारी बाजूंना गेलं होतं.