मिठाच्या पुडीवरची तारीख

वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. रात्री जेवण झाल्यावर छातीत जळजळ सुरू झाली, पित्त झाले असेल असे समजून त्यांनी सोडा घेतला आणि पहाटेपर्यंत घरात कोणाला उठवले नाही. सुदैवाने वेळेत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि ते वाचले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितले की रक्ताची गुठळी आदल्या रात्रीची असली, तरी तिच्याखाली धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर वीस-पंचवीस वर्षांचा आहे. त्या सगळ्या वर्षांत वडिलांना कसलाही त्रास नव्हता, आणि म्हणूनच आम्ही कधी रक्तदाब मोजला नव्हता, कोलेस्टेरॉल तपासले नव्हते.

वडील बसचालक होते. तीस वर्षे बैठे काम, दिवसातून सात-आठ वेळा मळलेली तंबाखू आणि मुक्कामी गाडी असली की मिळेल ते तळलेले खाणे, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे या विषयावर वाचत असताना लंडनच्या बसचालकांचा अभ्यास समोर आला तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. एकाच गाडीवरची, सारख्याच वस्तीतली, जवळपास सारख्याच पगाराची ही माणसे. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे फाडत रोज शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहकांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर उशिरा होतो, असे दिसून आले. मॉरिस तिथेच थांबले नाहीत. चालक मुळातच जाड असतात का, हे पाहण्यासाठी त्यांनी गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापे मिळवली, आणि चालकांची मापे खरोखरच मोठी निघाली. पण तो फरक लक्षात घेऊनही वाहकांचे पारडे जडच राहिले. स्वतः मॉरिस ९९ वर्षे जगले.

मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की ते वाहक व्यायाम करत नव्हते, ते आपले काम करत होते. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग म्हणजे मध्यम श्रम. स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि रक्ताचा प्रवाह वाढल्याने धमन्यांचे आतले अस्तर असे द्रव्य सोडते की त्यामुळे धमन्या सैलावतात व कालांतराने रक्तदाब उतरतो. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला शेकडो माणसे असतात आणि वडील आता त्यांच्यातलेच एक आहेत. ते वाटेवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत जातात, दोन मिनिटे बसतात आणि परत येतात.

खाण्याचा प्रश्न मात्र चालण्याइतका सोपा नव्हता, कारण रक्तदाब वाढवणारे मीठ आपल्याकडे दिसत नाही. ते कणकेत असते, भातात असते, आमटीत असते, आणि शिवाय ताकात, कोशिंबिरीत, लोणच्यात, पापडात, फरसाणात पुन्हा पडते. आम्ही किती मीठ खातो हे कळावे म्हणून मी एक साधा उपाय केला. किलोची पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहिली. माणशी रोज पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, या हिशेबाने चौघांना एक किलो पन्नास दिवस तरी पुरायला हवे. आमची पुडी सव्विसाव्या दिवशी संपली, आणि त्यात विकतच्या लोणच्या-पापडांचे मीठ धरलेलेच नव्हते. आईने आधी कणकेतले मीठ बंद केले, मग भातातले. ताटातली मिठाची वाटी उचलली गेली. पहिले पंधरा दिवस जेवण अळणी लागले, नंतर जिभेला सवय झाली. आता पुडी एक्केचाळीस-बेचाळीस दिवस जाते. सैंधव मिठाने भागेल, असे अनेक जण सांगतात, परंतु तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, म्हणजे साधे मीठच, असते. सोडियम कमी असलेले पोटॅशियमयुक्त मीठही मिळते, पण ते मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

तंबाखूबद्दल मी थोडेच लिहितो, कारण तिथे मधला मार्ग नाही. तोंडात धरलेली तंबाखू फुप्फुसांत जात नाही म्हणून हृदयाला बाधत नाही, हा समज चुकीचा आहे. निकोटिन तोंडातूनही रक्तात उतरते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. मिशरी लावणाऱ्या आपल्या आया-मावश्यांनाही हे प्रेमाने सांगायला हवे.

वडिलांना ५५ वर्षांच्या आत हा आजार झाला, म्हणजे मुलांनाही धोका अधिक. आईच्या बाबतीत ही मर्यादा ६५ धरतात. म्हणून मी चौतिसाव्या वर्षी तपासणी करून घेतली. मला काहीही होत नव्हते, तरी रक्तदाब १४४/९२ निघाला आणि वाईट कोलेस्टेरॉलही वाढलेले होते. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, मोजल्यावरही आकडे वरच राहिले. आहार आणि चालणे यांच्या जोडीने डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि ती मी बिनतक्रार घेतो. धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. तपासणीला येत्या शनिवारी जाऊ, असे तो गेले तीन महिने म्हणतो आहे. या शनिवारी मी त्याला घ्यायला त्याच्या दारात उभा राहणार आहे.